विश्लेषण : चिप तपासणारी मानके अभियांत्रिकीचे वर्ग आणि संशोधन कसे घडवतात?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने स्वतः आराखडा केलेली चिप प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवून हातात घेणे ही गोष्ट भारतात पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमाने ८५ हजार अभियंते तयार करण्याचे लक्ष्य ठेवले असून, शंभराहून अधिक संस्था त्यात सहभागी आहेत. बेंगळुरूच्या सी-डॅकमधील ‘चिप-इन’ केंद्रातून त्यांना आराखड्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर मिळतात, तर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने चिप घडवून दिल्या जातात. गुजरातमधील साणंद येथे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या मायक्रॉनच्या प्रकल्पाचे कामच मुळी चिपची जुळवणी, चाचणी आणि पॅकेजिंग हे आहे. चिप घडवण्याची चर्चा मात्र जेवढी होते, तेवढी ती निर्दोष असल्याची खात्री कशी करावी याची होत नाही. ही खात्री काही मानकांच्या आधारे केली जाते. कारखान्यांच्या सोयीसाठी जन्मलेल्या या मानकांनी गेल्या चार दशकांत विद्यापीठांतील अध्यापन आणि संशोधन यांनाही वळण लावले आहे.

पडताळणी आणि चाचणी यांत फरक काय?

आराखडाच चुकला असेल, तर त्यावरून घडलेली प्रत्येक चिप सारखीच चुकते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराचा दोष अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी अविभाज्य संख्यांवर काम करताना शोधून काढला. चिप बदलून देण्यापोटी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तजवीज करावी लागली. तो आराखड्यातील दोष होता आणि असे दोष शोधण्याच्या कामाला पडताळणी म्हणतात.

चाचणीचा प्रश्न वेगळा आहे. आराखडा अचूक असला तरी घडवताना धुळीचा एखादा कण आड येतो, एखादी तार तुटते, दोन तारा एकमेकींना चिकटतात. एकाच तबकडीवरील शेजारच्या दोन चिपपैकी एक चांगली निघते आणि दुसरी सदोष. म्हणून पडताळणी आराखड्याची एकदा केली की भागते. चाचणी मात्र कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगाची करावी लागते. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांत पहिल्या कामाला जेवढी जागा मिळते, तेवढी दुसऱ्याला मिळत नाही.

प्रत्येक शक्यता तपासून का पाहत नाहीत?

दोन संख्यांची बेरीज करणारे ३२ बिटांचे साधे सर्किट घ्यावे. दोन्ही संख्यांच्या सर्व जोड्या तपासायच्या म्हटल्या, तर त्यांची संख्या २ चा ६४ वा घात इतकी होते. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासणारे यंत्र लावले तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील, आणि असे सर्किट हा आजच्या प्रोसेसरचा एक क्षुल्लक तुकडा असतो.

या कोंडीतून अभियंत्यांनी वेगळी वाट काढली. सर्किट काय काम करते हे विचारण्याऐवजी त्यातील कोणती तार बिघडू शकते हे त्यांनी विचारले. एखादी तार कायमची शून्यावर किंवा कायमची एकवर अडकली आहे, एवढेच गृहीत धरायचे आणि तो बिघाड बाहेर दिसेल असा इनपुट शोधायचा. याला ‘स्टक-अ‍ॅट’ दोषाचे प्रारूप म्हणतात. अशा इनपुटांची संख्या तारांच्या संख्येच्या प्रमाणात राहते, त्यामुळे काम आवाक्यात येते. ते इनपुट पद्धतशीर शोधून काढण्याची रीत आयबीएममधील जे. पॉल रॉथ यांनी १९६६ मध्ये मांडली. तिथेच काम करणारे भारतीय वंशाचे प्रभु गोयल यांनी १९८१ मध्ये ‘पोडेम’ ही अधिक वेगवान रीत दिली. याच गोयल यांनी पुढे स्थापन केलेल्या कंपनीत ‘व्हेरिलॉग’ ही भाषा तयार झाली आणि आज इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी चिपचा आराखडा त्याच भाषेत लिहितात.

यानंतरही एक अडचण उरली. चिपच्या पोटात हजारो फ्लिप-फ्लॉप असतात, म्हणजे एकेक बिट सांभाळणाऱ्या लहान स्मृती. त्यांच्यापर्यंत बाहेरून पोहोचायचे कसे? त्यावर तोडगा म्हणून चाचणीच्या वेळी हे सगळे फ्लिप-फ्लॉप एका साखळीत जोडण्याची कल्पना पुढे आली. विहिरीपासून घागरी हातोहात पुढे देणाऱ्या रांगेप्रमाणे या साखळीतून एकेक बिट आत सरकवता येतो आणि आतली स्थिती तशीच एकेक करून बाहेर काढता येते. आयबीएमच्या एडवर्ड आयकेलबर्गर आणि थॉमस विल्यम्स यांनी १९७७ मध्ये या ‘स्कॅन’ पद्धतीची शिस्तबद्ध रचना प्रसिद्ध केली. आराखडा करतानाच चाचणीची सोय करून ठेवायची, हा विचार तेव्हापासून रुजला.

‘जेटॅग’ हे मानक कशातून जन्मले?

चिपच्या आतला प्रश्न असा सुटत असताना बाहेर, म्हणजे सर्किट बोर्डावर, नवे संकट उभे राहिले होते. पूर्वी बोर्डाची तपासणी खिळ्यांच्या बिछान्यासारख्या साच्यावर होत असे. बोर्ड त्यावर दाबला की प्रत्येक जोडाला एक खिळा टेकायचा आणि वीज नीट जाते की नाही ते कळायचे. १९८० च्या दशकात चिपचे पाय बारीक आणि जवळजवळ येऊ लागले, चिप बोर्डाच्या दोन्ही बाजूंना बसू लागल्या आणि खिळा टेकवायला जागाच उरली नाही.

फिलिप्ससह काही युरोपीय कंपन्यांनी १९८५ मध्ये यावर एकत्र विचार सुरू केला. अमेरिकेतील कंपन्या सामील झाल्यावर या गटाला ‘जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप’ म्हणजेच ‘जेटॅग’ हे नाव पडले. त्यांच्या कामावर आधारित आयईईई ११४९.१ हे मानक १९९० मध्ये मंजूर झाले. त्यातील मूळ कल्पना सोपी आहे. चिपच्या प्रत्येक पायापाशी आतल्या बाजूने एक लहान पेशी बसवायची आणि या पेशींची साखळी करून ती चार तारांनी बाहेर आणायची. एका तारेतून माहिती आत जाते, दुसरीतून बाहेर येते, तिसरी ठोका देते आणि चौथी पुढे काय करायचे ते सांगते. खिळ्यांचे काम आता चिप स्वतःच करू लागली. कोणत्या चिपमध्ये ही साखळी कशी आहे, याचे वर्णन लिहिण्यासाठी १९९४ मध्ये ‘बीएसडीएल’ ही भाषा मानकात जोडली गेली. पुढे एका चिपमध्ये अनेक तयार भाग बसवण्याची पद्धत आली, तेव्हा २००५ मध्ये आयईईई १५०० आणि २०१४ मध्ये आयईईई १६८७ ही मानके त्याच विचारातून तयार झाली.

वर्गात या मानकाचे काय होते?

या मानकाचे नियंत्रण सोळा अवस्थांच्या एका यंत्रणेकडे असते. चौथ्या तारेवर एक की शून्य, यावर ती एका अवस्थेतून दुसरीत जाते. कोणत्याही अवस्थेत असताना त्या तारेवर सलग पाच ठोके ‘एक’ ठेवला, तर यंत्रणा खात्रीने मूळ अवस्थेत परतते. शिक्षकाच्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे. अवस्था-यंत्र हा विषय एरवी वाहतुकीच्या दिव्यांवर किंवा नाणे टाकून चहा देणाऱ्या यंत्रावर शिकवला जातो. इथे विद्यार्थ्याला जगभरातील कोट्यवधी चिपमध्ये चालणारे खरे अवस्था-यंत्र मिळते आणि ते फळ्यावर मावते.

प्रयोगशाळेत तर हे मानक आधीच येऊन बसलेले असते. महाविद्यालयांतील एफपीजीए बोर्ड किंवा मायक्रोकंट्रोलर बोर्ड यांना संगणकाशी जोडणारी वायर बहुतेक वेळा याच चार तारांशी बोलते. पण विद्यार्थी सॉफ्टवेअरमधील ‘प्रोग्राम’चे बटण दाबतो, हिरवी पट्टी पूर्ण भरते आणि प्रयोग संपतो. त्या क्षणी किती बिट कोणत्या साखळीतून सरकले, हे त्याला दिसत नाही आणि विचारले जातेच असे नाही. मानकामुळे साधन स्वस्त आणि सोपे झाले, पण त्याच सोपेपणाने ते नजरेआडही गेले.

ते नजरेसमोर ठेवले तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण जर्मनीत आहे. ऑग्सबर्गच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने २००५ मध्ये पदविका प्रबंधासाठी ‘ओपनओसीडी’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. जेटॅगच्या तारांवरून चिपशी बोलणे, तिच्यात प्रोग्राम भरणे, ती थांबवून आत डोकावणे ही कामे ते करते. कंपन्यांच्या महागड्या साधनांना पर्याय देणारे हे सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर काम करणारे विद्यार्थीही त्याचा उपयोग करतात. तारांवरची बोली कंपनीच्या कुलपात नव्हती, तर लिखित मानकात होती. म्हणूनच हे एका विद्यार्थ्याला शक्य झाले.

संशोधनाला मानकांनी काय दिले?

विद्यापीठातील संशोधकाजवळ कारखाना नसतो. कंपन्या आपले आराखडे आणि सदोष नगांची आकडेवारी बाहेर देत नाहीत, आणि औद्योगिक चाचणी यंत्रांची किंमत कोटींच्या घरात जाते. मग एका विद्यापीठाची रीत दुसऱ्यापेक्षा सरस आहे, हे ठरवायचे कसे? १९८५ मध्ये फ्रँक ब्रग्लेझ आणि हिदेओ फुजिवारा यांनी ‘इस्कास’ परिषदेत दहा सर्किटांचा एक संच सर्वांसाठी खुला केला. १९८९ मध्ये स्मृती असलेल्या सर्किटांचा दुसरा संच आला. तेव्हापासून चाचणीवरील असंख्य शोधनिबंधांत याच सर्किटांवरील आकडे आढळतात. हे औपचारिक मानक नसले, तरी व्यवहारात ते सामाईक मोजपट्टी ठरले. साधनांची उणीव असलेल्या विद्यापीठांना त्याचा विशेष लाभ झाला, कारण संगणक आणि चिकाटी एवढ्यावर तेथील विद्यार्थी नामांकित प्रयोगशाळांशी तुलना करू शकत होता.

या सर्किटांची एक गंमत अशी की ती प्रत्यक्षात काय काम करतात, हे संचासोबत सांगितलेले नव्हते. केवळ गेट आणि त्यांचे जोड दिले होते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ती उलगडून त्यांचे कार्य १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील ‘सी६२८८’ हे सुमारे २४०० गेटचे सर्किट म्हणजे १६ बिटांचा गुणाकार करणारी रचना आहे.

चाचणी किती चांगली, हे सांगणारा आकडाही याच काळात पक्का झाला. गृहीत धरलेल्या दोषांपैकी किती टक्के पकडले जातात, त्याला ‘फॉल्ट कव्हरेज’ म्हणतात. थॉमस विल्यम्स आणि एन. सी. ब्राउन यांनी १९८१ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, तयार झालेल्या चिपपैकी निम्म्याच चांगल्या असतील आणि चाचणी ९० टक्के दोष पकडत असेल, तर उत्तीर्ण ठरलेल्या शंभर चिपपैकी सुमारे सात सदोष निघतील. कव्हरेज ९९ टक्क्यांवर नेले, तर हजारात सात. शेवटच्या एका टक्क्यासाठी संशोधक वर्षानुवर्षे का झटतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

मग मोजपट्टीत उणीव कोणती?

जे मोजता येते त्याच्याभोवती संशोधन गोळा होते. ‘स्टक-अ‍ॅट’ प्रारूप हाताळायला सोपे, सर्किटांचा संच सर्वांना उपलब्ध आणि आकडा टक्क्यांत मांडता येणारा. त्यामुळे जुन्या सर्किटांवर अर्धा टक्का सुधारणा दाखवणारे निबंध लिहिणे सोयीचे झाले. प्रत्यक्ष सिलिकॉन मात्र शून्यावर किंवा एकवर अडकूनच बिघडते असे नाही. एखादी तार थोडी संथ होते, एखादे गेट ठरावीक तापमानातच चुकते, एखादा दोष काही महिने वापरल्यावर प्रकट होतो.

हा धोका २०२१ मध्ये ठळकपणे समोर आला. फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या डेटा सेंटरमधील एका प्रोसेसरची हकीकत मांडली. त्यातील एक गाभा १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक १५६ देण्याऐवजी शून्य देत होता. त्या हिशेबावर फाइलचा आकार ठरत असल्याने फाइल रिकामी समजली जाई आणि माहिती गहाळ होई. कुठेही धोक्याचा इशारा नाही, यंत्र बंद पडत नाही, फक्त उत्तर चुकते. काही हजार यंत्रांमागे असे मोजके लहरी गाभे आढळतात, असे गुगलच्या अभियंत्यांनीही त्याच वर्षी लिहिले. या चिप चाचण्या पार करूनच वापरात आल्या होत्या. बँकेचा हिशेब असो वा रुग्णालयातील अहवाल, तो अशाच यंत्रांवरून जातो. त्यामुळे मोजपट्टीबाहेर काय उरते, हा प्रश्न आता केवळ निबंधापुरता राहिलेला नाही.

मानकाने उघडलेल्या दाराचा दुसराही परिणाम झाला. चिपच्या आतली स्थिती बाहेर काढणारी स्कॅन साखळी चोरालाही उपयोगी पडते. २००४ मध्ये बो यांग, कैजी वू आणि रमेश कर्री यांनी या साखळीचा वापर करून सांकेतिक लेखनाच्या चिपमधील गुप्त किल्ली मिळवता येते, हे दाखवून दिले. चाचणीसाठी चिप जितकी खुली ठेवावी, तितकी ती असुरक्षित होते. या तिढ्यातून हार्डवेअर सुरक्षेच्या संशोधनाची एक मोठी शाखा पुढे आली आणि अनेक विद्यापीठांत तिच्यावर काम सुरू आहे.

आपल्या महाविद्यालयांपुढे कोणता प्रश्न आहे?

भारतात या विषयाची परंपरा नाही असे नाही. विश्वनी अग्रवाल यांनी मायकेल बुशनेल यांच्यासह २००० मध्ये लिहिलेले ‘इसेन्शियल्स ऑफ इलेक्ट्रॉनिक टेस्टिंग’ हे पुस्तक अनेक देशांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरले जाते. व्हीएलएसआय आराखडा आणि चाचणी या विषयावरील ‘व्हीडॅट’ परिसंवाद भारतात नियमित भरतो. २०१९ मध्ये तो इंदूरला झाला होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये व्हीएलएसआय आराखडा व तंत्रज्ञान या विषयातील बी.टेक.चा आदर्श अभ्यासक्रमही जाहीर केला.

अडचण आहे ती पदवीच्या सामान्य वर्गात. चाचणी हा विषय तिथे बहुधा आराखड्याच्या पुस्तकातील शेवटचे प्रकरण किंवा एखादा ऐच्छिक विषय म्हणून येतो. सत्र संपत आलेले असते, सोळा अवस्थांची आकृती परीक्षेपुरती पाठ होते आणि प्रयोग राहून जातो. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठासारख्या संस्थेशी शेकडो महाविद्यालये जोडलेली असतात. अशा विद्यापीठांत अभ्यासक्रमातील एका प्रकरणाची जागा बदलली, तरी तिचा परिणाम हजारो विद्यार्थ्यांवर होतो.

यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. ‘इस्कास’ मालिकेतील ‘सी१७’ हे सर्किट केवळ सहा नँड गेटचे आहे. त्याला पाच इनपुट आणि दोन आउटपुट आहेत, म्हणजे सगळ्या मिळून ३२ शक्यता. कोणता इनपुट कोणता दोष पकडतो, हे विद्यार्थी एका तासात कागदावर काढू शकतो. पुढच्या तासाला तेच सर्किट एफपीजीएवर उतरवून त्यातील एक तार मुद्दाम शून्यावर अडकवता येते आणि कागदावर काढलेला इनपुट तो दोष खरोखर पकडतो का, हे पाहता येते. जेटॅगचे नियंत्रण करणारी यंत्रणा व्हेरिलॉगमध्ये स्वतः लिहिणे आणि बोर्डावरील चिपचा ३२ बिटांचा ओळख क्रमांक एकेक बिट वाचून काढणे, हे प्रयोगही असलेल्या साधनांत बसतात.

ज्या संस्थांचे विद्यार्थी प्रत्यक्ष चिप घडवून घेतात, त्यांच्यासाठी तर ही निकड आहे. आराखडा पाठवल्यापासून चिप हाती येईपर्यंत अनेक महिने जातात. आलेल्या चिपला मोजके पाय असतात आणि आत हजारो फ्लिप-फ्लॉप. तिने चुकीचे उत्तर दिले, तर आराखडा चुकला, घडवण्यात दोष राहिला की बोर्डावरचा जोड सैल आहे, हे स्कॅन साखळीशिवाय सांगणे जवळपास अशक्य होते. ती साखळी नंतर बसवता येत नाही. आराखडा पाठवण्यापूर्वीच तिची जागा ठरवावी लागते. म्हणूनच चाचणीचे प्रकरण पुस्तकाच्या शेवटी असले, तरी शिकवताना ते आराखड्याच्या पहिल्या धड्यासोबतच घ्यावे लागेल.